रेंज गेली, की फोन गेला?

फोन हॅक झाला आहे हे कसं ओळखावं, याची यादी हल्ली कुठल्या ना कुठल्या पुरवणीत येतच असते. बॅटरी लवकर उतरते का? फोन विनाकारण तापतो का? डेटा कशात संपला ते कळत नाही का? न लावलेले फोन लागतात का? मधेच रेंज जाते का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल तर ताबडतोब सावध व्हा, असं खाली ठळक अक्षरांत असतं. यादी करणारा माणूस हुशार असणार, पण तो शिरड शहापूरला राहिलेला नसणार. इथे पाचही प्रश्नांचं उत्तर 'हो' आहे आणि गावात मोबाईल आल्या दिवसापासून ते 'हो'च आहे.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं, वसमतच्या रस्त्यावरचं. मल्लिनाथांच्या दर्शनाला लांबून येणाऱ्या जैन मंडळींना ते अतिशय क्षेत्र म्हणून ठाऊक आहे, बाकीच्यांना हळदीच्या पट्ट्यातलं गाव म्हणून. हळद शिजवायच्या दिवसांत कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बंडीच्या खिशात जो फोन असतो, तो तापणार नाही तर काय होईल? कढई तापते, माणूस तापतो, त्याला जेवायला बोलवायला आलेली बायको तापते. एकट्या फोनवर संशय घेणं बरं नाही.

बॅटरीचंही तेच. शेतातली लाईट रात्री येते. मोटर चालू करायला निघालेला माणूस फोनचाच टॉर्च लावतो. अंधारात सोबत म्हणून त्याच फोनवर भजन लावतो. बांधावर पोचल्यावर मोटर चालू होत नाही म्हणून वायरमनला फोन करतो, आणि वायरमन उचलत नाही म्हणून करतच राहतो. सकाळी बॅटरी चार टक्क्यांवर. यात परकीय हात शोधायची काही गरज नाही.

डेटा कुठे जातो याचा तपास तर सायबर सेलवर सोपवायचंच कारण नाही. खाटेच्या पलीकडे वाकून बघावं, नातू सापडतो. न लावलेल्या फोनांचा इतिहास त्याहून जुना आणि त्याहून रक्तरंजित आहे. बांधावर उभं राहून भावकीतल्या एखाद्याविषयी मन मोकळं करावं, आणि खिशातल्या फोनने आपणहून नेमका त्यालाच फोन लावून ते सगळं ऐकवावं, असे प्रकार गावोगाव घडलेले आहेत. त्यानंतर फोन हॅक झाला होता असं कितीही सांगितलं, तरी वाटणीच्या दाव्यात त्याचा उपयोग होत नाही.

फोन हळू चालायला लागला की माणसं बसस्टँडवरच्या दुरुस्तीवाल्या पोराकडे जातात. तो फोन हातात घेतो, दोन ठिकाणी बोट लावतो आणि निदान करतो, "काका, हॅक नाई झाला, भरला." आत 'शुभ सकाळ'च्या गुलाबांची, समईंची आणि उगवत्या सूर्यांची एवढी दाटी असते, की हॅकर आला तरी त्याला उभं राहायला जागा मिळू नये.

म्हणजे यंत्राची लक्षणं आमच्याकडे निकामी आहेत. त्यातल्या त्यात एकाच लक्षणाशी थट्टा नको. ते म्हणजे रेंज जाणं. पुण्या-मुंबईच्या माणसाची रेंज दोन तास गेली तर तो घाबरतो. आमच्याकडचा माणूस गच्चीवर जातो. तिथे नाही मिळाली तर पाण्याच्या टाकीपाशी जातो. तिथेही नाही मिळाली तर सुटलो म्हणून झोपतो. आणि चोराला नेमकी हीच झोप हवी असते. सिम स्वॅप नावाची जी चोरी आहे तिच्यात तुमचा फोन कुणी हातातून हिसकावून नेत नाही. चोर तुमच्या नावाची कागदपत्रं जमवतो, सिम हरवलं असं सांगतो आणि तुमच्याच नंबरचं नवं सिम मिळवतो. तिकडचं सिम जिवंत झालं की त्या क्षणी इकडचं मरतं. मग बँकेचा ओटीपी तिकडे जातो आणि आपण इकडे टाकीपाशी फोन उंच धरून उभे असतो.

ही गत फक्त खेड्यातल्या माणसाची होते असं समजू नये. ३० ऑगस्ट २०१९ ला खुद्द ट्विटरचे तेव्हाचे मुख्याधिकारी जॅक डॉर्सी यांचं ट्विटर खातं याच मार्गाने पळवलं गेलं होतं. दुकान त्यांचं, गल्ला त्यांचा, आणि किल्ली दुसऱ्याकडे. त्यानंतर जग थोडं शहाणं झालं. आपल्याकडे आता सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. कायद्याने आपल्याला टाकीपासून घरी यायला तेवढा वेळ दिला आहे.

तरी टॉवर गेला की चोर आला, हे ओळखायचं कसं? गावाने याचं उत्तर कुठलीही पुरवणी न वाचता शोधलेलं आहे. शेजाऱ्याला विचारायचं. "तुमची आहे का रेंज?" त्याचंही त्याच कंपनीचं सिम असेल आणि त्याचीही गेली असेल, तर टॉवर. त्याची आहे आणि आपल्या एकट्याचीच गेली, तर चोर. सगळ्यांवर आलेलं संकट हे संकट नसतं, हा मराठवाड्याचा जुना अनुभव इथेही लागू पडतो.

व्हॉट्सॲप हातचं जातं तेव्हा मात्र रेंज शाबूत असते. कुणीतरी गोड बोलून सहा आकडे विचारतो, आपण सांगतो आणि आपलं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर उघडतं. औंढ्याच्या नागनाथाची कथा आमच्याकडे शाळकरी पोराला पाठ असते. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे बसवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, आणि नंदी राहिला पाठीमागे. खातं गेलेल्या माणसाचं अगदी त्या नंदीसारखं होतं. देऊळ कधीच फिरलेलं असतं, मंडळी पलीकडच्या बाजूला रांगेत उभी असतात आणि हा आपला जागेवर पाय दुमडून शांत. फरक एवढाच, की ते देऊळ संतासाठी फिरलं होतं.

आता खऱ्या खुणेकडे वळायचं तर थोडं आवाजाविषयी बोलायला हवं. फोनवर बोलताना विचित्र आवाज येणं हेही हॅकिंगचं लक्षण म्हणून छापतात. आमच्या शेजारच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे. तिथे कित्येक वर्षं जमिनीतूनच गूढ आवाज येत आले आहेत. १० जुलै २०२४ ला सकाळी तर ४.५ रिश्टरचा धक्का हिंगोलीपासून नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. ज्यांच्या पायाखालची जमीन गुरगुरते, ती माणसं फोनमधल्या खरखरीने दचकत नाहीत. "ऐकू येतंय ना? मग बोल," इतकंच म्हणतात.

आणि आमच्याच तालुक्यात, औंढ्याजवळ, जगातली सगळ्यात तिखट कानाची प्रयोगशाळा उभी राहायची आहे. लायगो-इंडिया तिचं नाव. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यांत लेसर, टोकांना आरसे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि २०२३ च्या एप्रिलमधे केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जागा निवडताना शास्त्रज्ञांना जमिनीची हालचाल कमी असलेला शांत परिसर हवा होता आणि त्यांनी आमचा तालुका पसंत केला. त्या दिवशी ग्रामसभा नसावी.

हे यंत्र करतं काय? अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा तरंग पृथ्वीवरून जाताना पकडतं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने असा पहिला तरंग पकडला, तेव्हा त्यातले आरसे प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्श्याइतके हलले होते. ट्रक गेला, वारा सुटला, समुद्राची लाट किनाऱ्यावर आपटली, तरी आरसे याहून जास्त हलतात. म्हणून या मंडळींचं सगळं आयुष्य एकाच कामात जातं. आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे निवडण्यात.

मला यात सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली, जगाने वाट पाहिलेला तरंग समोर आला, आणि या विद्वानांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? हे खरं आहे, की कुणी मुद्दाम घातलं आहे? त्यांना तशी सवयच लावलेली होती. २०१० च्या सप्टेंबरात असाच एक दणदणीत संकेत मिळाला होता. शेकडो जणांनी सहा महिने त्यावर घाम गाळला, शोधनिबंध लिहून तयार केला. मग २०११ च्या मार्चमधे लिफाफा उघडला, तर संकेत बनावट! आपली माणसं जागी आहेत का हे बघायला आपल्याच माणसांनी गुपचूप सोडलेला. त्यामुळे २०१५ साली खरा तरंग आला तेव्हाही, ही कुणाची खोडी तर नाही, यंत्रणेत कुणी शिरून खोटा संकेत पेरला तर नाही, याची त्यांनी रीतसर चौकशी केली. समोर विश्वातलं केवढंतरी गुपित उघडत होतं आणि ही माणसं 'हॅक तर झालं नाही ना' म्हणून खिसे चाचपत होती. आम्ही मात्र 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' एवढं वाचलं की शेजाऱ्यांना पेढे वाटतो.

एका कानावर ते विश्वास ठेवत नाहीत. लायगोची एक वेधशाळा लुइझियानात आणि दुसरी तिच्यापासून तीन हजार किलोमीटरवर वॉशिंग्टन राज्यात. तो तरंग आधी पहिलीला लागला आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी दुसरीला. दोघींनी तेच ऐकलं, तेव्हा ते खरं धरलं. शेजाऱ्याला रेंज विचारण्याची आमची पद्धत आणि नोबेल पारितोषिक मिळालेली ही पद्धत यांत मला तत्त्वाचा फरक काही दिसत नाही.

तेव्हा खूण शोधायची ती फोनच्या तापमानात नाही, आलेल्या निरोपाच्या तऱ्हेत. हिंगोलीचीच गोष्ट घ्या. २०२५ च्या ऑगस्टमधे हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. लग्नाला जरूर या, असं हिंदीत. तारीख ३० ऑगस्ट २०२५. सोबत, प्रेम ही सुखाचं दार उघडणारी किल्ली आहे अशा अर्थाचं इंग्रजी सुभाषित. आणि पीडीएफ वाटावी अशी पत्रिका. उघडल्यावर ती निघाली एपीके, म्हणजे फोनमधे ॲप बसवणारी फाईल, आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. किल्ली खरी होती, दार तेवढं भलतं उघडलं.

त्या गृहस्थांना हसू नये. मराठवाड्यात लग्नाचं निमंत्रण न उघडणं हा अपराध आहे. 'पत्रिका मिळाली नाही' या एका वाक्यावरून इथे दोन-दोन पिढ्या बोलणं बंद असतं. चोराने आमची नस बरोबर ओळखली होती. फक्त त्याने आमची पत्रिका कधी नीट वाचलेली नव्हती. अस्सल पत्रिकेत वधू-वरांची नावं शोधावी लागतात, एवढी बाकीची नावं असतात. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त अमुक परिवार, आजी-माजी सरपंच, आणि तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चार चिमुकली. नावांच्या क्रमावरून छापखान्यात भांडणं होतात. आणि इथे एक लग्न, ज्यात नवरा नाही, नवरी नाही, मंगल कार्यालय नाही, जेवणाची वेळसुद्धा नाही! जेवण कधी हे ज्या निमंत्रणात नाही, ते निमंत्रण कसलं?

तारीख तर त्याहून थोर. २७ ऑगस्टला गणपती बसलेले, ३१ ला घरोघर महालक्ष्म्या यायच्या, वर चातुर्मास. काढीव मुहूर्त असतात हे मान्य. पण महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी पुरणाची डाळ निवडायची सोडून आमच्याकडची कोणती बाई लग्नाला निघेल? पाहुणेच येणार नाहीत अशा दिवशी लग्न काढणारा माणूस एकतर फार कंजूस असतो, नाहीतर चोर. अँटिव्हायरसला हे कळत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाला कळतं.

यात थोडं तंत्रज्ञानही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. फोटो उघडतो, पत्रिका उघडते. त्यांना कसलीच परवानगी लागत नाही. जी फाईल 'अनोळखी ठिकाणाहून इन्स्टॉल करू का, तुमचे एसएमएस वाचू का' असं विचारते, ती पत्रिका नव्हे. पत्रिका आणून देणारा पाहुणा चहा मागेल, कपाटाच्या किल्ल्या मागणार नाही. पीएम किसानची यादी, वाहनाचं चलान, बँकेचं केवायसी ही सगळी या एपीकेचीच सोंगं. ती एकदा आत बसली की आलेले ओटीपी परस्पर पुढे धाडते, आणि पुष्कळदा तुमच्याच नंबरावरून गावाच्या ग्रुपवर तीच पत्रिका वाटत सुटते.

आणि म्हणूनच हॅक झाल्याची बातमी मालकाला सगळ्यात शेवटी लागते. यातून मोठी माणसंही सुटत नाहीत. ११ ऑगस्ट २०२४ ला खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं सांगून, कुणी फोन किंवा मेसेज करू नका, असं जाहीर केलं. २१ सप्टेंबर २०२५ च्या रविवारी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या एक्स खात्यावर पाकिस्तान आणि तुर्कस्तानचे झेंडे झळकले. डिसेंबर २०२१ मधे तर पंतप्रधानांच्या खात्यावरून भारताने बिटकॉइनला मान्यता दिल्याचं जाहीर होऊन गेलं होतं. झेंडे दिसले की वाचणाऱ्याला लगेच कळतं. गावातल्या माणसाच्या खात्यावर झेंडे येत नाहीत, उसनवारी येते, आणि ती ओळखायला जरा मुरलेला कान लागतो.

'हाय डियर, अर्जंट १०,००० पाहिजेत, संध्याकाळी परत करतो.' असा मेसेज मामाच्या नंबरवरून आला तर त्यात किती खुणा आहेत बघा. मामाने जन्मात कुणाला डियर म्हटलेलं नाही, मामीला तर नाहीच. दुसरं, आमच्याकडे उसने पैसे असे मागत नाहीत. आधी पाऊसपाणी विचारायचं. मग सोयाबीनचा भाव. मग आईचे गुडघे. मग, "पोरगं काय करतंय आता?" मग बराच वेळ कुणीच बोलत नाही. मग "बरं, ठेवतो." आणि फोन ठेवता ठेवता, "ते जरा एक काम होतं..." एवढा रस्ता चालून आलेला माणूस आपला. थेट मुद्द्यावर आलेला माणूस आपला नव्हे. आणि तिसरी, सगळ्यात पक्की खूण म्हणजे परतफेडीची वेळ. संध्याकाळी परत करतो म्हणणारा मामा या जिल्ह्यात झालेला नाही.

उलट बाजूने, हॅकिंगमुळे गावाची एक मोठी सोय झाली आहे. पूर्वी ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला भलताच व्हिडिओ पडला की माणूस आठ दिवस तोंड लपवायचा. आता सकाळी स्टेटस ठेवतो, 'माझा मोबाईल हॅक झाला आहे, कृपया गैरसमज नसावा.' निवडणुकीत इकडच्या उमेदवाराला तिकडचा मेसेज गेला, हॅक. उधारीवाल्याचा फोन उचलला नाही, हॅक. एवढे गुन्हे अंगावर घेऊन एकदाही उलटून न बोलणारा हॅकरसारखा सोशिक माणूस दुसरा नाही.

खातं किंवा पैसे खरोखरच गेले तर काय करायचं, हे सांगायला २०२५ च्या जूनपर्यंत सरकारने कॉलर ट्यूनवर अमिताभ बच्चन ठेवलेले होते. म्हैस अडली म्हणून डॉक्टरला फोन लावावा तर आधी बच्चनसाहेब सायबर गुन्ह्यांपासून सावध करत. तोवर म्हैस मोकळी झालेली असे. आता ते गेले, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर राहिला. १९३०. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात तोवर अडवता येतात, म्हणून रडणं, बायकोला सांगणं आणि कुणाची चूक हे ठरवणं नंतर. १९३० आणि बँक आधी. व्हॉट्सॲपमधे 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून कोण पाहुणा बसलाय ते बघावं. सेटिंगमधे आपले फोन परस्पर कुणाकडे वळवलेले नाहीत ना ते बघावं. तारांकन-४०१-तारांकन दाबायला लावून फोन वळवून घेणारे इतके झाले, की १५ एप्रिल २०२४ पासून तसे आकडे दाबून फोन वळवण्याची सोयच सरकारने थांबवायला लावली. आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत ते दिसतं. एका माणसाला साधारण नऊपर्यंत परवानगी आहे. बघायला गेलं तर एक आपलं, एक पुण्याला असलेल्या पोराचं, एक जावयाचं, आणि एक असं निघतं ज्याच्याविषयी घरात कुणीच बोलायला तयार नसतं. तो मामला मात्र सायबर सेलच्या कक्षेत येत नाही.

बाकी सगळं विसरलं तरी चालेल, दुसरा कान विसरू नये. मेसेज फोनवर आला तर खात्री त्याच मेसेजला उत्तर देऊन करायची नाही. दुसऱ्या वाटेने करायची. नंबर मामाचा असेल तर मामीच्या फोनवर लावायचा. लायगोला त्यासाठी तीन हजार किलोमीटर लागतात, आपल्याला मामी पुरते. यात धोका एकच, आणि तो कुठल्याही यादीत छापलेला नाही. मामीने फोन मामाकडे दिला की आपण विचारतो, "मामा, तुम्ही दहा हजार मागितले का?"

"नाई बा, मी कामून मागू? फोन हॅक झाला असंल." पलीकडे थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग मामा म्हणतो, "तुमच्याकडं पाऊस कसाय?"